काशीला सोडलेला टोमॅटो

काशीला गेलं की एक फळ आणि एक भाजी सोडून यायची, ही आपल्याकडची रीत. शहाणी माणसं काय सोडायचं ते घरूनच ठरवून निघतात. अनंतरावांनी तर गाडीत बसायच्या आधीच पडवळ आणि रामफळ नक्की करून ठेवलं होतं. पडवळाची भाजी पाहिली की त्यांची भूक तशीही मरायची, आणि रामफळ घरात यायचं ते कुणी आणून दिलं तरच. "सोडल्याशी कारण. देव काय किलोवर मोजतो?" असं म्हणून ते घाटावर अगदी निवांत मनानं उभे राहिले.

त्यांच्या पत्नीला, चारुशीलाबाईंना, हे जमलं नाही. त्यांनीही मनात कारलं घोळवत नेलं होतं. पण गुरुजींनी हातावर पाणी घातलं, "काय सोडलंत बाई?" म्हणून विचारलं, आणि समोर गंगा एवढी भरून वाहत असताना कारल्याचं नाव काही त्यांच्या जिभेवर येईना. सोडायचं ते आवडीचं. तोंडातून निघून गेलं, "टोमॅटो."

"हे फळात धरू की भाजीत?" गुरुजी म्हणाले.

"दोन्हींत तोच धरा," चारुशीलाबाई म्हणाल्या आणि हातावरचं पाणी सोडलं.

लहानपणी त्या शाळेत जाताना दप्तरात मिठाची पुडी ठेवायच्या, ती टोमॅटोसाठी. त्या बाईंनी काशीहून आल्यापासून टोमॅटो तोंडाला लावला नाही. घरातल्यांसाठी सार करायच्या, कोशिंबीर करायच्या, मीठ अंदाजानं घालायच्या. सोमवारचा शंकर, गुरुवारचा उपास, रोजची पोथी, संध्याकाळी तुळशीपाशी दिवा, आणि गुरुवारी उपास सोडताना मौन धरून जेवण, हे सगळे नेम त्या जशा गाजावाजा न करता पाळायच्या, तसाच हाही. कुणी विचारलं तर हळूच म्हणायच्या, "नाही हो, मी नाही खात." का, ते सांगायच्या नाहीत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सुनेनं बियाणं आणलं.

सून अश्लेषा साताऱ्याची. घरी बसून एका पुण्याच्या कंपनीचं काम करायची, काही दिवस कंपनीच्या इथल्याच छोट्या ऑफिसात जायची, आणि उरलेला वेळ फोनवर लोकांच्या बागा बघायची. श्रावण सरता सरता एक दिवस तिनं सासूबाईंपुढे चार पाकिटं मांडली. "आई, चेरी टोमॅटो! आपल्या गच्चीवर लावू या. चार प्रकारचे आहेत."

चारुशीलाबाईंनी पाकिटांवरची चित्रं पाहिली. बोराएवढे टोमॅटो. एक लाल, बुटक्या झाडाचा. एक नारिंगी, वेल पार छताला जाणारा. एक पिवळा, वरून निमुळता, खाली पोट सुटलेला. आणि एक असा काळसर तांबूस, की बघणाऱ्याला वाटावं, चित्र छापताना शाई सांडली.

"लावू या की," त्या म्हणाल्या. सून प्रेमानं काही आणते, तिला पहिल्याच फटक्यात काशी कुठे सांगायची?

पण लावायचं म्हटल्यावर चारुशीलाबाईंना अर्धवट काही येत नाही. त्यांनी रोपं ट्रेमध्ये केली, चार पानांवर आल्यावर कुंडीत हलवली, तीही खोड निम्मं मातीत गाडून, म्हणजे गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. अश्लेषानं कुठे वाचलं होतं, की फळाच्या बुडाला काळा डाग पडू नये म्हणून अंड्याची टरफलं घालायची. सासूबाईंनी टरफलांचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी खायच्या चुन्याची निवळी करून घातली. फुलं आल्यावर ती हलवावी लागतात, तर परागकण झडतात, आणि त्यासाठी लोक म्हणे विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश लावतात. चारुशीलाबाई सकाळी मारुतिस्तोत्र म्हणत कुंड्यांमधून फिरायच्या आणि दर ओळीला एका घोसाला टिचकी मारायच्या. मारुतीच्या कृपेनं म्हणा की टिचकीनं, फळं धो धो धरली.

आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. रोज ओंजळभर टोमॅटो निघायचे आणि ते कसे लागतात हे त्या माउलीला कळायला मार्ग नव्हता.

त्यांनी घरातल्यांना विचारायला सुरुवात केली. मुलगा वरद कुपवाडला कारखान्यात होता. तो फोनवर बोट फिरवत मूठभर टोमॅटो तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "मस्त." कुठला मस्त? "सगळेच." अश्लेषा म्हणायची, "यम्मी, आई!" आणि अनंतरावांना तर विचारण्यात अर्थच नव्हता. लग्न झाल्यापासून आजवर त्यांनी पुरणपोळीला आणि तापातल्या पेजेला एकच शब्द वापरला होता.

"कसा लागला हो?"

"बरंय."

"बरंय म्हणजे? गोड? आंबट?"

"बरंय म्हणजे बरंय. वाईट असतं तर सांगितलं नसतं का?"

शेजारच्या बनुबाईंना विचारलं. त्या मूळच्या कुंडलच्या, बागायतदार घरातल्या. गच्चीला गच्ची लागून. त्यांनी कठड्यावरून हात लांब करून पिवळा टोमॅटो उचलला, उलटसुलट केला. "आवं वैनी, ह्येला टमाटं म्हंत्यात व्हय? आमच्या बांधावर असली आपापली उगवत्यात. शेळ्या खात्यात."

"पण कसा लागतो, ते तरी सांगा."

"मला इचारण्यापरास तुमीच खावा की एक. काशीत मोठं टमाटं सोडलंसा, भावजींनी सांगितलंय की आमच्या ह्यास्नी. ह्ये लेकरू हाय त्याचं. लेकरानं काय पाप केलंय?"

त्या दिवशी दुपारी चारुशीलाबाई एकट्या कुंड्यांपाशी बसल्या होत्या आणि ते बोलणं त्यांच्या डोक्यात घोळत होतं. हातात ऊन खाऊन कोमट झालेला एक टोमॅटो. खरंच, गुरुजींना चेरी टोमॅटो माहीत तरी होता का? त्यांनी तो नाकाजवळ नेला. वास तोच. अगदी दप्तरातला. त्यांनी घाईघाईनं तो वाटीत टाकला आणि हात साडीला पुसले. ज्याचा वास आपल्याला एवढा ओळखता येतो, तो दुसराच कुणी आहे असं देवाला कसं सांगणार?

एवढ्यात वरदनं गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं ठरवलं.

काम घेतलं त्याच्या कुपवाडच्या मित्रानं, इंद्रजितनं. त्याची तिथे फ्रेमा जोडायची छोटी शेड होती. तो टेप घेऊन आला, गच्ची मापली, कुंड्यांकडे बघून डोकं खाजवलं. "काकू, ही सगळी हलवाय लागत्यात. सावली पडली का पॅनेल झोपतंय. टाकीच्या कडंला एवढी पट्टी ऱ्हाती बघा. तिथं एक जात बसंल. बाकीची द्या कुणाला."

"एकच?"

"एकच. कुठली ठिवायची ती ठरवून ठिवा, शुक्रवारी सकाळी टेंपो घिऊन येतो."

म्हणजे चारांतला एक वाण ठेवायचा, बाकी तिघांना घालवायचं. आणि ते ठरवायचं कुणी? ज्यांनी लावले, वाढवले, टिचक्या मारल्या आणि एकही चाखला नाही, त्यांनी. चारुशीलाबाईंना रात्री पोथीत लक्ष लागेना. चांगला तो गेला आणि भिकार तो राहिला, तर? पुढच्या वर्षीचं बीसुद्धा त्यातूनच धरायचं होतं.

गंमत अशी, की ज्यांना आजवर "मस्त" आणि "बरंय" याच्या पलीकडे शब्द सापडत नव्हते, त्यांना ही बातमी ऐकल्याबरोबर वाचा फुटली.

"आई, लालच ठेव," वरद म्हणाला. "चवीला तोड नाही. काय तो तिखट-गोड… म्हणजे आंबट-गोड! एकदम भरीव."

"छे! पिवळा," अश्लेषा म्हणाली. "आई, पिवळा इतका नाजूक लागतो ना! मधासारखा."

अनंतराव पेपर खाली ठेवून म्हणाले, "नारिंगी. नारिंगीच्या जवळपास कुणी नाही. रस म्हणजे काय रस! अमृत."

चारुशीलाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. अमृत? या माणसानं स्वतःच्या लग्नातल्या जिलबीला "बरी होती" म्हटलं होतं.

काळसर टोमॅटोची बाजू घ्यायला कुणीच नव्हतं. तो पिकला तरी पिकल्यासारखा दिसायचा नाही. खांद्याला हिरवा, पोटाला काळपट. घरातले त्याला हातही लावायचे नाहीत. बनुबाई तर त्याला "नासकं" म्हणायच्या. चारुशीलाबाई मात्र तो बोटांनी ओळखायच्या. पोट जरा दबलं की झाला.

त्यांना कळेना, तिघांत खरं कोण बोलतंय. त्या भोळ्या होत्या, पण आंधळ्या नव्हत्या. लाल झाड गुडघ्याएवढंच होतं, पॅनेलवर त्याची सावली पडणं शक्य नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. अश्लेषाच्या फोनवर पिवळ्याचे फोटो फार होते, हेही. आणि नारिंगी? नारिंगीचा वेल कठड्याच्या कडेनं असा दाट चढला होता, की त्याच्यामागे अनंतरावांची खुर्ची पूर्ण झाकून जायची. पलीकडच्या गच्चीवर बनुबाईंचे यजमान, निवृत्त सुभेदार तानाजीराव, रोज सकाळी कसरत करायचे आणि अनंतराव दिसले रे दिसले की आवाज द्यायचे, "उठा अनंतराव! हात वर! एक, दोन!" अनंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, ते असल्या गोष्टींसाठी नव्हे. त्या वेलाला ते रोज स्वतः पाइप लावून पाणी द्यायचे, कालव्याचं आवर्तन सोडल्यासारखं. चारुशीलाबाई म्हणायच्या, "अहो, जास्त पाण्यानं फळ फुटतं, चव जाते." ते म्हणायचे, "आडोसा… म्हणजे वाढ चांगली होते."

पण संशय आला म्हणून माणसांना खोटं कसं ठरवायचं? लाल खरंच गोड असेल. नारिंगी खरंच अमृत असेल.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार उजाडला. दुसऱ्या दिवशी टेंपो यायचा होता. चारुशीलाबाई घट मांडत होत्या, ओठांत स्तोत्र चाललं होतं, तेव्हा अश्लेषा ऑफिसला जाता जाता म्हणाली, "आई, आज संध्याकाळी आपल्या टोमॅटोचीच भाजी करा. जेवताना ठरवूनच टाकू." स्तोत्र मध्ये तोडायचं नाही म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

मग गच्चीवर जाऊन त्यांनी चारही जातींचा शेवटचा तोडा केला, चार वाट्या भरल्या, आणि एक विचार मनात आला. अश्लेषानंच एकदा सांगितलं होतं, की शास्त्राप्रमाणे टोमॅटो हे फळच. घटापुढे पाच फळं लागतात. त्यांनी चार वाट्या आणि एक केळं, अशी पाच फळं देवीपुढे मांडली, हात जोडले. "आई, मला चाखता येत नाही. तूच बघ आता."

स्वयंपाकाला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आता ती फळं हलणार कशी? उत्तरपूजा शुक्रवारी सकाळी. तोवर घटापुढचं काही उचलायचं नाही. त्या क्षणभर गोंधळल्या, मग खुंटीवरच्या पिशवीत हात घातला. सकाळी अनंतरावांनी सारासाठी गाड्यावरून टोमॅटो आणले होते, साधे, बाजारचे, थोडे दबलेलेच. ते बारीक चिरले, कांदा-लसूण वर्ज्य म्हणून दाण्याचं कूट, गूळ, गोडा मसाला असं घालून भाजी केली. जेवायला बसलं की सांगू, असं ठरवलं.

पण अश्लेषाला यायला उशीर झाला. वरद भुकेनं कासावीस. इंद्रजित उद्याच्या कामाचं बोलायला आला होता, त्यालाही पानावर बसवलं. या गडबडीत सांगायचं राहूनच गेलं. नैवेद्य झाला, चारुशीलाबाईंनी आपोष्णी घेऊन पहिला घास वरणभाताचा घेतला आणि मौन सुरू झालं. त्याच वेळी अश्लेषा पळत येऊन बसली, भाजी वाढून घेतली आणि डोळे मिटून म्हणाली, "आई! हा पिवळाच! मी म्हटलं नव्हतं? मधासारखा गोडवा!"

चारुशीलाबाईंचा घास हातातच राहिला. तो गोडवा गुळाचा होता.

"पिवळा कसला?" वरद म्हणाला. "साल बघ जरा. हा लाल आहे. हा भरीवपणा दुसऱ्याला नाही."

अनंतरावांनी पोळीनं रस टिपला, खाल्ला, आणि न्यायाधीशासारखे मागे रेलले. "तुम्हा दोघांना जिभा नाहीत. हा रस नारिंगीचा. मी ओळखणार नाही का? रोज पाणी कोण घालतं?"

चारुशीलाबाईंनी जोरजोरात मान हलवली.

"बघा, आई नाही म्हणतायत," अश्लेषा म्हणाली. "बाबा, नारिंगी नाहीच्चे."

"तुला नाही म्हणतेय ती!"

खरं तर त्यांनी बोलून टाकलं असतं तर भागलं असतं. पण नेम तो नेम. मौनात हातवारे चालतात, एवढी एक पळवाट त्यांनी स्वतःला ठेवलेली होती. त्यांनी डावा हात करून देवघराकडे दाखवलं, म्हणजे तिथे वाट्या आहेत.

"बघितलंत?" अश्लेषा म्हणाली. "देवाशपथ सांगतायत. पिवळाच."

चारुशीलाबाईंनी कपाळाला हात लावला. मग खुंटीवरच्या पिशवीकडे बोट केलं, म्हणजे बाजारचे आहेत हो. त्या पिशवीखालीच अनंतराव बसले होते.

"झालं!" अनंतराव मोठ्यानं म्हणाले. "माझ्याकडे बोट केलं. संपला वाद. वरद, नारिंगी राहणार."

"आई, तू बाबांना घाबरून काही दाखवू नकोस," वरद म्हणाला.

"इंद्रजित, तुम्ही सांगा हो. तुम्ही बाहेरचे," अश्लेषानं त्याला मध्ये ओढलं.

इंद्रजितच्या तोंडात घास होता. त्यानं तिघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. "मला तर लय भारी लागली, वैनी. कुठलं बी असू दे. अजून वाढता का थोडी?"

चारुशीलाबाईंनी भाजी वाढली. आता त्यांनी हातवारे करायचं सोडून दिलं. आधी त्यांना हसू येत होतं, पदर तोंडाला लावून त्या ते दाबत होत्या. पण घासागणिक तिघं जशी आपापल्या टोमॅटोची थोरवी गात होती, तसं ते हसू विरत गेलं. त्यांनी भात संपवला, ताक प्यायल्या, उठून चूळ भरली, देवाला नमस्कार केला. मग परत येऊन नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या,

"ती भाजी बाजारच्या टोमॅटोची होती. आपले चारही देवीपुढे आहेत. उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचे नाहीत."

अनंतरावांचं लक्ष एकदम खुंटीकडे गेलं.

"मीच आणले होते," ते पुटपुटले.

"हो. तुम्हीच."

वरद हात धुवायला उठला. अश्लेषा ताटातल्या रसावर बोटानं रेघा मारत बसली. मग म्हणाली, "सॉरी, आई. पिवळा… फोटोत छान येतो. चवीकडे मी कधी लक्षच दिलं नाही."

"लालची सावली पडत नाही," वरद बेसिनपाशी पाठमोरा म्हणाला.

"तरी पण भाजी लय भारी हुती, काकू," इंद्रजित म्हणाला, आणि सकाळी लवकर येतो म्हणून असा सटकला, की चप्पलसुद्धा रस्त्यावर जाऊन घातली.

चारुशीलाबाई रागावल्या नव्हत्या. रागवायचं त्यांना कधी नीट जमलंच नाही. त्या ताटं उचलताना एवढंच म्हणाल्या, "मला कुणाचं तरी ऐकून ठरवायचं होतं. मला स्वतःला कळत नाही ना. म्हणून विचारत होते रोज."

ते ऐकून अनंतरावांना त्या रात्री पेपरातलं शब्दकोडं सुटलं नाही.

सकाळी उत्तरपूजा झाली. चारुशीलाबाई चार वाट्या ताटात घेऊन गच्चीवर गेल्या. आता देवीचा प्रसाद झाला होता. शेजारीपाजारी वाटून टाकावा आणि डोळे मिटून कुठल्याही एका कुंडीला हात लावावा, असं त्यांच्या मनात आलं होतं. बघतात तर अनंतराव आधीच तिथे. वेलामागच्या खुर्चीत नव्हे, टाकीपाशी, उघड्यावर.

"आण ते इकडे," ते म्हणाले. "बस. मी खातो आणि सांगतो."

"काय सांगता? बरंय?"

"बस म्हटलं ना."

त्या पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसल्या. अनंतरावांनी पहिला नारिंगी उचलला. चावला. पलीकडच्या गच्चीवरून तानाजीरावांचा आवाज आला, "अनंतराव! आज खुल्या मैदानात? वा! हात वर!" त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाणी आहे," ते म्हणाले.

"कुठे?"

"ह्याच्यात. नुसतं पाणी. सरबत करताना लिंबू पिळायचं विसरलं तर लागेल ना, तसं." मग जरा थांबून, "माझीच चूक. फार सोडलं पाणी."

हा कबुलीजबाब त्यांना किती जड जात होता, हे चारुशीलाबाईंना दिसत होतं. पिवळा खाऊन ते म्हणाले, "हा म्हणजे लग्नातला फेटा. दिसायला झोकात. खाण्याचं काही नाही त्यात." लाल खाल्ला. "हा बाजारच्यासारखाच. साल जाड. गिळून झालं तरी साल दातात राहून विचारते, मी जाऊ का?"

चारुशीलाबाईंना खुदकन हसू आलं. हा माणूस एवढं बोलू शकतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

चौथी वाटी बघून अनंतरावांनी नाक मुरडलं. "हे खराब झालंय गं."

"नाही हो. पिकलंय. पोटाला दाबून बघा."

त्यांनी दाबून पाहिलं, डोळे बारीक करून तोंडात टाकलं. चावलं. आणि चावता चावता थांबले.

"काय झालं?" चारुशीलाबाई अर्ध्या उठल्या. "थुंका थुंका. सांगितलं होतं बनुबाईंनी—"

त्यांनी हात वर करून त्यांना गप्प बसवलं. दुसरा तोंडात टाकला.

"थांब. नीट सांगायला हवं." ते आकाशाकडे बघू लागले, जणू तिथे उत्तर लिहिलंय. "आधी गोड नाही. आधी काहीच नाही, नुसती साल. ती फुटते. मग… तू चिंच-गुळाची आमटी करतेस, उकळी यायच्या आधी पळीवर मला देतेस ना, मीठ बघायला? तसं. म्हणजे आंबट पुढे आणि गोड त्याच्या मागे, धाकट्या भावासारखं. जिभेच्या कडेला झिणझिण्या येतात. आणि मग खारट! आपण मीठ कुठे लावलंय? पण आहे. शेवटी मीठ आहे."

चारुशीलाबाईंनी डोळे मिटले होते. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. तोंडाला सुटलेलं पाणी काही नेमात बसत नाही.

"मिठाचं परत सांगा," त्या म्हणाल्या.

"परत म्हणजे परत खावं लागेल."

"मग खा."

त्यांनी खाल्ला. परत सांगितलं. या वेळी चिंच गेली आणि जांभूळ आलं, आणि जांभळानंतर जीभ जशी जड होते तसं काहीतरी. तेही त्यांना पटेना, म्हणून आणखी एक. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. इंद्रजित खांद्यावर लोखंडी पाइप घेऊन वर आला, मागे वरद. "काकू, टेंपो खाली लावलाय. कुठली हलवू?"

चारुशीलाबाईंनी डोळे न उघडताच हात लांब केला. "तो काळा राहू दे. बाकीचे सगळे बनुबाईंकडे द्या."

"काळा?" वरद म्हणाला. "आई, तो तर कुणीच—"

"नारिंगी बी?" इंद्रजितनं वेलाकडे पाहिलं. "लय वाढलाय ओ. कापून काढाय लागंल."

अनंतरावांनी एकदा वेलाकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या गच्चीकडे. तिथे तानाजीराव कमरेवर हात ठेवून वाटच बघत उभे होते. "अगं, निदान तेवढा कोपरा—"

"ते बघू नंतर," चारुशीलाबाई म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच होते. "तुम्ही थांबलात कशाला? जांभळापर्यंत आला होतात. गिळल्यावर काय होतं?"